शेवटच्या ओळीचा सूर

अण्णा,

हडपसरच्या क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात तुम्ही भीमगीत रेकॉर्ड केलंत, तो रविवार आठवतो. तीच खोली रस्त्यापासून लांब, म्हणून पेटी, ढोलकी, सगळी मंडळी तिथेच दाटीवाटीने बसलेली. टेपरेकॉर्डर ओट्यावर. आई मागे, कोरसमध्ये, कारण तिचा आवाज चढतो असं तुमचं म्हणणं. मी दारात राखण करत होते. शेवटच्या ओळीतला तो लांबलचक सूर संपला आणि ढोलकीवाले काका म्हणाले, "अण्णांचा दम म्हणजे दम." तुम्ही नुसते हसलात. पुढे विहारात, वस्तीत, तुमची ओळख त्या सुराचीच झाली.

तीच कॅसेट मी आता स्वच्छ करून घेते आहे, तुमच्या स्मृतिदिनाला विहारात द्यायला. खराडीत नोकरी करणाऱ्या तुमच्या नातवाने माझ्या कानांचे साचे देऊन, गायक स्टेजवर लावतात तसल्या इन-इअर मॉनिटरच्या दोन जोड्या करवून आणल्या. ऐकून बघून एक ठेवायची, एक कंपनीला परत द्यायची. पहिलीत तुमचा आवाज भरलेला येतो, समोर मांडी घालून बसल्यासारखा. मागची मंडळी मात्र एकमेकांत विरघळतात. तुम्ही मला हट्टाने कॉन्व्हेंटमध्ये घातलंत, तिथे प्रार्थना गाताना सिस्टर सांगायच्या की एकटीचा आवाज वेगळा ऐकू येता कामा नये. त्यामुळे असेल, मला हीच आवडली. दुसरी कोरडी. टाळ्या कानाला बोचतात, पेटीच्या भात्याची धाप ऐकू येते, पण प्रत्येक माणूस सुटा होतो, कोण कुठे बसलंय तेसुद्धा कळतं.

त्या दुसरीतून शेवटची ओळ ऐकली. तुमचा सूर मध्येच थांबतो, तुम्ही श्वास घेता, आणि तोच सूर आई उचलते, शेवटपर्यंत नेते. तुम्ही आईइतक्याच चढ्या पट्टीत गायचात, म्हणून तो सांधा कोणाला कळला नाही. पहिल्या जोडीत तर तो नाहीच.

आई मेथी निवडत होती. तिला विचारलं.

"मग काय करणार? दम संपला होता त्यांचा."

अण्णांना कळलं होतं का, म्हटलं.

"माझ्या पुढ्यातच तर बसले होते. काड्या त्यात नको टाकूस."

तुमचा नातू म्हणतो, पहिली ठेव, लोकांना गोड ऐकायचं असतं. मी दुसरी ठेवणार आहे. त्या जोडीतून ऐकत ऐकत आईचा आवाज कोरसमधून पुढे आणणार, आणि तुमच्या नावाशेजारी तिचं नाव घालणार. तुमच्यावर राग नाही. तुमचा आवाज लागला की मी अजून पाठ ताठ करून बसते. पण हे आई आहे तोवर व्हायला हवं.

तर, पहिली, मऊ जोडी परत जाईल. कोरडी माझ्यामागे कोणाच्या कामाची नाही, दुसऱ्याच्या कानात ती बसणारच नाही. खुशाल टाकून द्यावी. गाण्याची पहिली प्रत आईला, दुसरी ढोलकीवाल्या काकांच्या सुनेला, तिसरी विहारात. मूळ कॅसेट, हात न लावलेली, तुमच्या धाकट्या लेकीकडे राहील. ज्याला तुमचा दमच ऐकायचा असेल, त्याने तिच्याकडे जावं.

खरं तर तुमची परवानगी मागायला बसले होते. मागितली नाही.