नॉर्मल असल्याचा पंचनामा

२ डिसेंबर २०२४, सोमवार. सकाळी ६.१०
संशय पक्का. मेघाने जळगावच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली आहे, १४ तारखेची. माझी. ऑटिझमच्या तपासणीची. तिच्या शाळेतल्या एका मुलासाठी आलेलं माहितीपत्रक वाचून म्हणाली, यात तर तुम्हीच आहात. वय बेचाळीस, रेकॉर्ड रूममध्ये एकोणीस वर्षं बिनचूक नोकरी, आणि म्हणे मीच! मागच्या आठवड्यात तिच्या भावाशी, ललितशी, फोनवर हळू आवाजात बोलत होती. डॉक्टरचा कागद हातात आला की बायकोला नवरा सोडून जायला कारण मिळतं. डाव हाच आहे.
ठराव: तपासणीला जायचं आणि पास व्हायचं.

३ डिसेंबर, मंगळवार
नॉर्मल माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघतो, असं इंटरनेटवर वाचलं. चार सेकंद ठरवले. शेजारच्या टेबलावरच्या स्वप्नीलकडे आकडे मोजत बघितलं. तो उठून तोंड धुऊन आला. साहेबांकडे बघितलं, तर त्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, तक्रार काय आहे. प्रगती चांगली.

५ डिसेंबर, गुरुवार
गप्पांचा सराव. जेवण झालं का, हा सर्वांत सुरक्षित प्रश्न. सकाळी सव्वादहापासून अकरा जणांना विचारला. नऊ जण म्हणाले, आत्ता? दोघं हसले. हसले म्हणजे जवळीक झाली.
मेघाने विचारलं, टेन्शन आलंय का. तिला हे कशाला हवंय? नाही म्हणालो.

८ डिसेंबर, रविवार
स्वप्नीलच्या शेतात भरीत पार्टी. दरवर्षी टाळतो. यंदा गेलो, कारण पुरावा लागतो. तोंडी बोलण्याला आमच्या ऑफिसात किंमत नाही, डॉक्टर तरी का देतील? पंचनामा टाइप करूनच नेला: सदर इसम पार्टीत सर्वांमध्ये मिसळला, हसला व भरीत खाल्ले. पाच पंच, तीन प्रती.
भाजायच्या आधी वांगी आकाराप्रमाणे लावून दिली. एकूण त्र्याण्णव. मग धूर आणि स्पीकर सहन होईना, टेम्पोत जाऊन बसलो. दोन तास. चौघांनी सह्या केल्या. पाचवे आमचे शिपाई चिंधाभाऊ. ते म्हणाले, भाऊ, तुम्ही होते कुठे? सही मात्र केली. म्हणजे मिसळलो.

११ डिसेंबर, बुधवार
नवा धोका. क्लिनिकने कळवलं, लहानपणी तुम्हाला पाहिलेल्या माणसाशी फोनवर बोलायचं आहे. म्हणजे नरडाण्याची वच्छलाअक्का, माझी मोठी बहीण. रजा टाकून गेलो, तिच्यासाठी चार उत्तरं लिहून नेली. अक्का म्हणे, मी खोटं बोलाव नही. पाव्हना उनात का तू कोठीमांगे दपी बसे, नि मंग बठ्ठास्न्या चपला जोडीजोडी लावी ठेवे.
पाहुणे आले की लपणं, सगळ्यांच्या चपला लावणं, हे नेमकं आत्ताच कसं आठवलं? मेघाने तिला आधीच पढवलेलं दिसतं.

१३ डिसेंबर, शुक्रवार
फाइल तयार. चौसष्ट पानं, अनुक्रमणिका, चार रंगांचे टॅग. एवढी तयारी बघून डॉक्टरांना शंकाच उरणार नाही.
मेघाने उद्यासाठी माझा जुना मऊ शर्ट काढून ठेवला, मानेमागचं लेबल कापलेला. नवा का नाही? माझी छाप पडू नये म्हणून.

१४ डिसेंबर, शनिवार. दुपारी ४.१०, जळगाव बसस्टँड
तीन तास चाललं. डॉक्टरांनी फाइल पूर्ण वाचली, अनुक्रमणिका दोनदा. पंचनाम्याची एक प्रत ठेवून घेतली. मग म्हणाले, ऑटिझम आहे. आजार नाही, मेंदूची घडणच तशी आहे, जन्मापासून.
बाहेर आलो तर मेघा रडत होती. खरं तर खूश असायला हवी होती. स्टँडवर आल्यावर विचारलं, कधी जाणार. तिला कळेना, कुठे. ललितशी बोलून ठरवलंय ते, म्हणालो. मला भीती वाटते, हेही म्हणून गेलो. ते बोलायचं ठरलं नव्हतं.
ती म्हणाली, जायचंच असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता? चौदा वर्षं तिला वाटत आलं की ती मला आवडतच नाही. ललितकडेही ती तेच बोलून रडली होती. खरंच आवडत नाही, की माझी घडणच अशी आहे, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.
या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. चौसष्ट पानांत त्याचं उत्तर नाही.
आवडते, असं म्हणालो. फलाट क्रमांक पाचच्या पाटीकडे बघून. तेवढ्यात आमची धुळ्याची गाडी आम्हाला न घेताच सुटली.