पाकिटाची तारीख

प्रिय पेई-वेन,

तुला लिहायचं म्हणत रोज टाळतोय. काल बसलोही होतो, तेवढ्यात बंदरात भलामोठा सूर्यमासा आणल्याचं कळलं आणि संध्याकाळ तिथेच गेली. मासा निमित्त. खरं म्हणजे तुला लिहायला लाज वाटते.

तू ताइपेईहून शब्द टाकलास म्हणून मच्छीमार संघाने मला ठेवलं. शाळा अर्धवट सोडून भटकणारा मी, आणि माझ्या हाती संघाचा मेल सर्व्हर! त्यावर मेल वाचायचं पान कुठलं बसवायचं ते मी ठरवायचं होतं. ओपन सोर्सची, फुकटात मिळणारी तीन-चार होती. एक अगदी रुक्ष, पण सतत दुरुस्त होणारं. दुसरं देखणं, मागे समुद्राचं चित्रही लावता येई. कुठला समुद्र लावू, यातच माझा दिवस गेला. ते देखणं पान करणाऱ्यांनी त्याची दुरुस्ती कधीच सोडून दिली होती, तसं तिथे लिहिलंही होतं. वाचलं, म्हटलं, चालतंय ना, मग झालं, आणि तेच बसवलं.

गेल्या महिन्यात त्याच पानातून कुणीतरी आत शिरलं. संघाच्या नावाने भामटेगिरीचे मेल सुटले, त्यामुळे संघाचा पत्ताच सगळीकडे अडवला गेला आणि गिऱ्हाइकांकडे आमचे मेल पोचेनात. ऐन हंगामात मासळी पडून राहिली. सगळे सर्व्हरभोवती जमले. मशीनने नीट वागावं म्हणून आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यावर ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीट होतंच. ते वेळेवर बदलायचं काम तुझ्या बाबांचं, म्हणजे त्सेंगकाकांचं. मीच ते उचललं आणि तारीख मोठ्याने वाचली. उलटून गेलेली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “त्सेंगदादा, मशीनला शिळं खायला घालता होय? रुसणारच ते.”

सगळे हसले. मीही. काका तेवढे हसले नाहीत. “माझंच चुकलं,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी संघाच्या किल्ल्या ठेवून काम सोडून गेले. चोर कुठून आला ते मी सर्व्हरच्या नोंदींत पाहिलं होतं. तरी गप्प बसलो. आता ते रुक्ष पान बसवलंय, मेल सुरळीत जाताहेत, आणि बाजारातल्या बायका काकांना चिडवू लागल्या, नवं पाकीट कोणी आणलं म्हणून. काकांनी त्या वाटेने जाणंच सोडलंय.

तू फोनवर विचारलंस, बाबा अचानक घरी का बसले? मी म्हटलं, वय झालं. ते खोटं होतं, म्हणून हे पत्र. उद्याच्या सभेत सांगणार आहे. पण काकांसमोर उभं राहायची हिंमत नाही, तेव्हा त्यांना तूच आधी…

थांब. खाली स्कूटर थांबली. काकाच आहेत. खालूनच हाक मारताहेत, “युआन-ची, जेवलास का रे? तुझं ते समुद्राचं पान माझ्यापायी काढावं लागलं. राग धरू नकोस, पोरा.” जिना चढून वर येताहेत.

तुझाच,
युआन-ची