कडी कोणत्या बाजूला

सोमवार, ३
पहिल्याच दिवशी पाच मिनिटं उशीर! वर्गात पोलीस, नर्स, वृद्धाश्रमात काम करणारे दोघं-तिघं — आणि मी. म्हातारी, आजारी, परावलंबी माणसं. त्यांचा छळ त्यांच्याच घरात होतो. तक्रार आली की आम्ही त्या दारात जायचं. तिथे जाऊन काय बघायचं, ते शिकायला दोन आठवडे.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अंगावरचे वळ नंतर. आधी खोलीची कडी बघा. आतून आहे की बाहेरून?"

सगळ्यांनी लिहून घेतलं. मी नाही.

मंगळवार, ४
आत्याच्या खोलीची कडी बाहेरून आहे. रोज सकाळी मीच लावते.

लिहिलं एकदाचं.

लहानपणीच्या तापानंतर आत्या सगळंच सावकाश करते — बोलणंही. मागच्या वर्षी एकटीच बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी बस डेपोत सापडली, पाय सोलवटलेले. तेव्हापासून कडी. आई सहाला लाँड्रीत कामाला जाते, आठला मी निघते, दोनला आई परत. मधले सहा तास! डबा ठेवते, पाणी ठेवते, मोरी आतच आहे. कडी अगदी हळू सरकवते, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. हा छळ कसा होईल? होतो का?

गुरुवार, ६
आज सराव. हवालदार झाले म्हातारे सासरे, नर्स झाली सून. चौकशी माझ्याकडे. मी सगळं सुनेलाच विचारत बसले — यांना जेवण जातं का, झोप लागते का...

खुर्चीतून हवालदार ओरडले, "अहो ताई, मी अजून मेलो नाही!"

वर्गात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "ज्याचं दुखणं, त्याला विचारायचं. एकट्याला. आणि विचारून झालं की गप्प बसायचं."

गप्प बसायची मला सवयच नाही. घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिली. चौथीपासून सगळ्यांचे अर्ज मी भरले, खिडकीवरच्या साहेबांशी मी बोलले. कुणाला काही विचारलं की उत्तर मीच देते.

शुक्रवार, ७
बाईंना सांगावं का? काढून टाकतील. नाही सांगितलं, तर उद्या दुसऱ्यांच्या कड्या कोणत्या तोंडाने बघू?

शनिवार, ८
'ओळखीच्या एका घराचा तपशील भरा.' सरावाचा फॉर्म. आमच्याच घराचा भरला.
कडी : बाहेरून.
लावणारी व्यक्ती : मी.

बाईंनी वाचून फॉर्म उलटा ठेवला. मला वाटलं, झालं, संपलं! म्हणाल्या, "आत्यांना विचारलंस?"

"तिला तसं काही कळत नाही —"

"हे तू सांगतेस."

रविवार, ९
आई भाजीला गेली तेव्हा आत्याजवळ बसले. विचारलं, "दार बंद असतं तेव्हा तुला कसं वाटतं?" आणि बाईंनी सांगितलं तसं गप्प बसले. किती वेळ!

मग म्हणाली, "वहिनी भाजीला जाताना लावते तेव्हा खट् वाजतं. तू लावतेस तेव्हा वाजत नाही."

"हो."

"म्हणून मी ढकलून बघत नाही. नाही ढकललं की वाटतं — तू उघडंच ठेवलंस."

सोमवार, १०
आईशी कडीवरून कडाक्याचं भांडण. "वन्सं पुन्हा हरवल्या तर तुझी वही जाणार आहे का शोधायला? सापडेपर्यंत पाण्याचा घोट उतरला नव्हता माझ्या घशाखाली!" खोटं नाही तिचं. बस डेपोत आत्याचे पाय आधी तिनेच धुतले होते.

आत्याला विचारलं — त्या दिवशी कुठे निघाली होतीस? "कोपऱ्यापर्यंत." बस्स, कोपऱ्यापर्यंत!

खालच्या मजल्यावरची शिवणवाली लक्ष ठेवीन म्हणाली. आत्याच्या प्रत्येक झग्याच्या खिशात पत्ता शिवला. कडी काढायला पेचकस आईनेच शोधून दिला.

बुधवार, १२
कडी आता आतून. सकाळी आत्याने स्वतः लावली — खट्!

तिचा डबा घेऊन मी बाहेर उभी. उशीर होत होता. दार वाजवलं.

आतून, सावकाश — "कोण आहे?"