सहावा फर्मा

९ जून, सोम.
बाइंडिंगला नवं काम आलं. एका अमेरिकन लेखिकेचं आत्मचरित्र, मराठीत. सोळा-सोळा पानांचे फर्मे छापखान्यातून येतील तशा घड्या घालायच्या. नाव असलेला पहिला फर्मा नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी. म्हणजे बाई कोण, पत्ता नाही. आज तिसरा आला. घड्या घालता घालता वाचला. बाई मोटेलात खोल्या झाडायची. शाळा नववीनंतर सुटलेली. माझ्यासारखीच! चुकीचं तर वाचलं नाही ना, म्हणून पुन्हा वाचलं.

१० जून, मंगळ.
पाचवा आला. (चौथा नाही.) बाई गाडीत बसून लिहायची! स्टिअरिंगवर वही, मागे मुलगी झोपलेली. समोर सुनंदाताई घड्या घालत होत्या, त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "आमच्याकडे गाडी नाही रे, नाहीतर मीही झाले असते लेखिका."
शेवटच्या पानावर बाई एकोणतिसाव्या वर्षी रात्रशाळेच्या दाराशी. आत पोरं हसतायत. 'मी दाराची मूठ धरली आणि' इथे पान संपलं. पुढचं सहाव्यात.
धायरीच्या बसमध्ये तेच डोक्यात. स्टॉप चुकला.

१२ जून, गुरु.
सातवा, आठवा आले. सहावा नाही! छपाईची प्लेट खराब झाली म्हणे. सातव्यात बाईची पहिली गोष्ट साभार परत आली, दुसरी छापून आली. त्या रात्री तिनं मोटेलच्या सगळ्या रिकाम्या खोल्यांतले दिवे लावले. काय बाई आहे! पण शाळेबद्दल अवाक्षर नाही.
मालक, रशीदचाचा: "नितीन, शनिवारी रात्रशाळेचे प्रवेश बंद होतात. गेलास का?"
बघतो म्हटलं. चोवीस वर्षांचा घोडा दहावीच्या बाकावर... सहावा येऊ दे आधी.

१३ जून, शुक्र.
छापखान्यात मीच फोन केला. "एवढी घाई कसली?" काय सांगणार.
सुनंदाताई: "ती दारातून परत फिरली असली, तर तूही जाणार नाहीस?"
मी पुढची घडी घातली. खरं उत्तर 'नाही जाणार' असंच होतं.
चाचा: "तिचं छापून झालंय बेटा. आता बदलत नाही."
झोप नाही.

१४ जून, शनि.
चारला टेम्पो. सहावा आला!! दोरी सोडायला धावलो, तर चाचा गठ्ठ्यावरच बसले. वर चहा मागवला.
"चाचा, दोन मिनिटं!"
"साडेपाचला शाळेचं ऑफिस बंद. दोन मिनिटं तिथे दे. मी काही उठत नाही."

आता शाळेच्या व्हरांड्यात. वही मांडीवर, हे पान पुन्हा नीट उतरवायचं. रांगेत पुढे तिघे. शेजारी टक्कल पडलेले एक काका, आठवीसाठी आलेत. मला म्हणाले, "आपण इथे सर का?"
"नाही. दहावीला."
"अरे वा, म्हणजे आम्हाला सीनियर!"
हसलो. बऱ्याच वेळानं.

सुनंदाताईंचा फोन. चाचा नमाजला उठले आणि ताईंनी गठ्ठ्याची दोरी सोडली. "वाचलं मी. सांगू का?"
नको म्हटलं.
"अरे, पण ऐक तरी..."
ठेवला फोन.
पुढे एकच उरलाय.