दहाच्या नोटेवरची आत्या

ती. काकांस,

पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (उरलेला नमस्कार उसण उतरली की पोहोचता करीन.) तुमची प्रकृती ठीक असेलच. नसली तरी तुम्ही पत्रात ठीकच लिहिता, म्हणून आम्ही घरात तुम्ही कळवता त्याच्या निम्मी प्रकृती धरून चालतो. नवी कवळी बसली का? मागच्या पत्रात ती डबीत उत्तम बसते, तोंडातच काय ती बसत नाही, असं तुम्ही लिहिलं होतंत. काकूंना नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्यांना वेगळा. बाबा मजेत आहेत, म्हणजे कुणाशी बोलत नाहीत.

पत्राला उशीर झाला याचं कारण आत्या. म्हणजे तुमची थोरली बहीण. तिच्यापायी माझी नोकरी गेली, परत आली आणि शेवटी तळघरात जाऊन बसली. हे सगळं ओळीने सांगून मोकळं झाल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, तेव्हा जरा बूड टेकून वाचा.

माझी नोकरी जुन्या नोटांच्या संग्रहालयात आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. (बाबा लोकांना 'बँकेत आहे' असं सांगतात. इमारत पूर्वी बँकेची होती, एवढंच त्यात खरं.) बंद झालेल्या नोटा काचेखाली मांडायच्या, काच पुसायची आणि नोटेखाली चार ओळींची पाटी लिहायची, हे माझं काम. आमच्या संचालकबाई चालत येत नाहीत, येऊन ठेपतात. त्या एक दिवस येऊन ठेपल्या आणि म्हणाल्या, "जुन्या चलनाचं मोठं प्रदर्शन करायचं. एकेक नोट दाराएवढी मोठी करून भिंतीवर लावायची. नीट झालं तर तुमच्या कायम नोकरीचा कागद पुढे सरकवते." नवं चलन येऊन आता इतकी वर्षं लोटली आहेत की आजच्या पोरांना जुनी नोट दाखवली तर ती उलटसुलट करून सिनेमा कुठला होता ते विचारतात. म्हणून मीही स्वतःला कामाला जुंपून घेतलं.

आणि काका, काय नोटा होत्या हो एकेक! सगळ्यात पहिली ती 'चादर'. एवढी मोठी की तिची घडी घालायला दोन माणसं लागत. मागची बाजू कोरी, त्यामुळे लोक तिथे वाणसामान लिहीत आणि दुकानदाराला यादी आणि पैसे एकदमच देत. ते थांबावं म्हणून सरकारने मागे दाट वेलबुट्टी छापली, तर लोक वेलींच्या मधून लिहायला लागले आणि फावल्या वेळात पाकळ्या रंगवायला लागले. मग आली जहाजाची नोट. तिच्यात जहाजाचा धूर मागे जातो आणि डोलकाठीच्या टोकावरचा झेंडा पुढे फडफडतो, म्हणजे एकाच जहाजावर दोन वारे. त्यानंतर हिरव्या माशाची. मासा देखणा, पण शाई कच्ची निघाली आणि त्या उन्हाळ्यात देशभर माणसांचे तळवे हिरवे झाले. खिसेकापूंचे अगदी हाल झाले म्हणतात. (सभ्य माणसांचेही झाले, कारण पैसे नाहीत असं सांगताना हात पाठीमागे न्यावे लागत.) आणि सगळ्यात शेवटी आली ती दहाची लाल नोट. कणसांची पेंढी उराशी धरलेली बाई, डोक्याला रुमाल, हनुवटीवर तीळ, आणि ओठांवर असं हसू की जणू या नोटेचे सुटे कुठे मिळणार नाहीत हे तिला आधीच ठाऊक आहे.

ही बाई म्हणजे आपली आत्या, हे आपल्या घराण्यात मुलं बाराखडीच्या आधी शिकतात. तरुणपणी तिला रस्त्यात कुणीतरी टक लावून बघितलं, पुढे ती नोट निघाली, आणि तीळ पाहून तिने ओळखलं की तो बघणारा माणूस चित्रकार होता. इतकाच पुरावा, पण आपल्याकडे तेवढा पुरतो. तिने दहाची नोट कधी मोडली नाही. "मी स्वतःला भाजीवाल्याच्या हवाली करणार नाही," म्हणायची आणि दोन पाचाच्या द्यायची. दुसऱ्या कुणी दहाची नोट दुमडली की ती ओरडायची, "घडी घालू नका हो, माझी मान दुखते!" स्थळं सांगून आली तेव्हाचं उत्तर तर तुम्हीच आम्हाला सांगायचात: "मी ज्याच्या खिशात आधीच आहे, त्याच्याशी लग्न करून नवीन काय होणार?" आणि जुनं चलन बंद झालं त्या दिवशी ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं तर म्हणाली, "मला बाद केलं."

तर, हे सगळं मी चहाच्या वेळी संचालकबाईंसमोर बोलून गेलो. (दोष चहाचा नाही, माझ्या जिभेचा आहे. ती आईकडून आली आहे.) बाईंनी कप खाली ठेवला. "नोटेवरची बाई जिवंत आहे? आणि तुमची आत्या आहे? मग उद्घाटन त्यांच्याच हस्ते!" मी म्हटलं, ही घरातली समजूत आहे, छापलेलं कुठे काही नाही. पण तोवर बाई पुढच्या कुणावर तरी येऊन ठेपल्या होत्या.

आत्याला सांगितलं तर ती जराही चकित झाली नाही. "उशीरच केला त्यांनी," एवढंच म्हणाली आणि कणसांची पेंढी आणायला मला पिटाळलं. शहरात खरी पेंढी कुठे मिळणार? फुलवाल्याने वाळक्या गवताची एक जुडी बांधून दिली. ती हातात धरली की आत्याला सटासट शिंका यायच्या, तरी तिने दिवसातून दोनदा आरशासमोर उभं राहून सराव केला. हसू धरून ठेवायचं आणि शिंक आवरायची, अशा दुहेरी प्रयत्नात तिचा चेहरा मुळात कसा आहे तेच आम्ही विसरून गेलो.

उद्घाटनाला गर्दी झाली. खात्याचे एक मोठे साहेब आले. आत्या डोक्याला रुमाल बांधून, पेंढी घेऊन आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझीही छाती फुगली, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात संचालकबाई एका ताठ म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून आल्या. गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग, भरघोस पांढऱ्या मिशा. बाई म्हणाल्या, "आणखी एक गंमत! दहाच्या नोटेचा ठसा ज्यांनी स्वतःच्या हाताने कोरला ते हे ठसेकार. आता दोघांची भेट घडवू या."

काका, माझ्या पायांखालून जमीन सरकली. मी आत्याला माशाच्या नोटेसमोर उभं केलं आणि तिथून हलू नकोस म्हणून बजावलं, आणि धावत ठसेकारांना जहाजाकडे नेलं. म्हटलं, धूर आणि झेंडा यांचं काय ते सांगा. त्यांना ऐकू कमी येतं, पण सांगण्याची हौस दांडगी. धूर त्यांच्या वरिष्ठाने काढला, झेंडा त्या वरिष्ठाच्या वैऱ्याने काढला, दोघांत बोलणं बंद होतं, हे त्यांनी रंगवून सांगितलं. मला वाटलं, असाच दिवस निघून जाईल. पण आत्याला माशाचा कंटाळा आला. ती थेट आपल्या नोटेखाली जाऊन उभी राहिली, आणि संचालकबाईंनी ध्वनिक्षेपक हातात घेऊन आम्हाला पुकारलं.

"ओळखलंत का यांना?" बाईंनी विचारलं.

ठसेकारांनी भिंग डोळ्याला लावलं. आत्याची हनुवटी पाहिली, मग नाक, मग कपाळ. आत्या हसू धरून उभी. मग ते वर भिंतीकडे बघून ध्वनिक्षेपकात मोठ्याने म्हणाले, "नाही. ही बाई म्हणजे मी आहे."

त्यांनी सांगितलं ते असं. चित्रासाठी छापखान्याच्या मुख्य अधिकाऱ्याची बायको बसायची होती. ऐन वेळी नवराबायकोचं बिनसलं आणि ती माहेरी निघून गेली. छपाईचं यंत्र तर तयार उभं. तेव्हा यांनी आरसा समोर ठेवला, डोक्याला रुमाल बांधला, हातात केरसुणी धरली आणि स्वतःलाच कोरलं. "मिशा कोरल्या नाहीत, बस्स."

"आणि हा तीळ?" आत्याचा आवाज जरा चढला.

"तिथे हत्यार घसरलं माझं."

"घसरायला बरी माझीच हनुवटी सापडली!"

लोक हसले. (आत्याचा तीळही त्या दिवशी घामाने मूळ जागेपासून थोडा सरकलेला मला दिसला. हे आपल्यातच असू द्या.) खात्याच्या साहेबांना न्याय करायची लहर आली. त्यांनी आत्याचा रुमाल ठसेकारांच्या डोक्याला बांधायला लावला आणि पेंढी त्यांच्या हाती दिली. काय सांगू काका, मिशांसकट हुबेहूब! तीच मान, तेच डोळे, तेच सुटे न देणारं हसू. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. संचालकबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि माझी नोकरी गेल्याचं मला त्या नजरेतच कळलं.

आत्या जाऊन भिंतीशी खुर्चीवर बसली. तिला मी भांडताना बघितलंय, आजारी बघितलंय, पण अशी बघितली नव्हती. रुमालाविना तिचे केस अगदी विरळ दिसत होते. मी पाणी नेलं तर म्हणाली, "घरी चल. इथे माझं कुणी नाही."

तेवढ्यात ठसेकार डोक्यावरच्या रुमालासकट तिच्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, माफी मागतील. पण त्यांनी विचारलं, "कसं वाटायचं हो?"

"काय कसं?"

"नोटेवर असणं. मी तर कुणाला सांगूच शकलो नाही. पुरुषाने बाई होऊन छापून यायचं म्हणजे लाजेची गोष्ट. दुकानात कुणी नोट पुढे केली की मी तोंड फिरवायचो. तुम्ही उजळ माथ्याने वावरलात. मला सांगा तरी, कसं असतं ते."

आत्या म्हणाली, "आधी तो रुमाल नीट बांधा. गाठ मानेखाली येते." आणि बोलायला लागली ती बोलतच राहिली. लोकांनी नोटा कशा चुरगळल्या, एकाने कानामागे खोचून ठेवली, एका वाण्याने तिच्या नाकावर आकडा लिहिला, सगळं. ठसेकार प्रत्येक गोष्टीला "असं?" म्हणत होते आणि दुखलेल्या जागी हात लावावा तसा स्वतःचा कान, नाक चाचपत होते. शेवटी आत्या म्हणाली, "तोंड तुमचं असेल. वागवलं मी."

"ते खरं," ठसेकार म्हणाले. "मी निभावू शकलो नसतो."

संग्रहालय बंद झालं तरी ती दोघं उठेनात. शेवटी पहारेकऱ्याने एकेक दिवा मालवला तेव्हा कुठे निघाली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात रुमालातल्या ठसेकारांचा फोटो आला आणि प्रदर्शनाला रांगा लागल्या. त्यामुळे माझी नोकरी परत आली, आणि कायमही झाली. फक्त संचालकबाईंनी माझी बदली तळघरातल्या नाण्यांच्या विभागात केली. "आपल्या नाण्यांवर नुसते आकडे आहेत," त्या म्हणाल्या, "तिथे तुमचं कुणी नातेवाईक निघणार नाही." तळघरात थंडावा आहे, पण छत बुटकं आहे, उसण त्यामुळेच भरली.

बाकी सगळं क्षेम. सगळ्यांना यथायोग्य सांगावं.

तुमचा पुतण्या

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. ठसेकार आता रोज संध्याकाळी आत्याकडे येतात, आणि आत्याने लग्न करायचं ठरवलं आहे. ही बातमी तुम्हाला मी द्यावी असं तिचं म्हणणं, म्हणजे तुमचा राग माझ्यावर निघेल. तेव्हा जे काय रागवायचं ते रागावून घ्या आणि पुढच्या रविवारच्या आत इकडे या. बाबांनी अंग काढून घेतलंय. धाकटे असलात तरी बोलणी करायला घरात तोंड असलेला माणूस तुम्हीच.

आणखी ता. क. आत्याने पत्र वाचलं. तीळ जन्मापासूनचा आहे आणि सरकलेला नव्हता, असं तिने लिहायला सांगितलं आहे. बाकी मजकुरावर तिची हरकत नाही. फक्त 'बोलणी' म्हणजे काय ते मी नीट लिहिलेलं नाही, असं ती म्हणते. तर ते असं की, तुम्ही येऊन ठसेकारांना मागणी घालायची आहे. त्यांना यातलं अजून काहीच माहीत नाही.