गॅरेजमधला सर्व्हर आणि अण्णांचा पासवर्ड

९ सप्टेंबर १९९९

इंटरनेटची लाइन आली! लाइनमन भिंतीला भोक पाडून, कॉफी पिऊन गेला. भोक गरजेपेक्षा बरंच मोठं. कमलक्कांनी (घरमालकीण) लगेच त्यात चिंधी कोंबली. "पाल येईल की गं."

तर सर्व्हर मांडला. बेंगळुरूतलं इंदिरानगर, कमलक्कांचं गॅरेज, त्यांच्या बंद स्कूटरच्या शेजारी. लिनक्स एकदाचं चढलं, मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरून. आता ज्याला वेबसाइट ठेवायची त्याने अमेरिकेत जागा शोधायची गरज नाही. माझ्याकडे या.

विनयशी (नवरा) ठरलंय ते इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर भांडण नको. दसऱ्यापर्यंत एक तरी गिऱ्हाईक आलं आणि टिकलं, तर हे चालू. नाही तर जुन्या कंपनीत परत. साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हो की नाही विचारणार आहेत. त्या खुर्चीत पुन्हा बसायचं नाहीये मला.

१४ सप्टें.

गिऱ्हाईक!! चिकपेटेतले साडीवाले अण्णा. कमलक्कांच्या माहेरच्या नात्यातले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, पण मूळचं मराठी, त्यामुळे मराठी बोलतात पण वळण सगळं कानडी.

अट एकच. पानाच्या अगदी वर कुलदेवीचं नाव, ठसठशीत. आणि पासवर्डही तेच.

मी: अण्णा, पासवर्ड कुणाला ओळखता येणार नाही असा ठेवतात.

अण्णा: देवीचं नाव सोडून दुसऱ्या कशानं सुरुवात करू, सांगा की ताई. दुकानात साधी पावती फाडत नाही मी तिच्या नावाबिगर.

सरी (कानडीत 'बरं'), म्हटलं. पहिल्याच गिऱ्हाइकाशी हुज्जत कोण घालणार?

२३ सप्टें.

सुरक्षेची व्यवस्था पूर्ण. म्हणजे कमलक्कांनी केलेली. दाराला ग्रिल, ग्रिलला कुलूप, कुलपावर आणखी एक कुलूप. किल्ल्या त्यांच्या कमरेला. मला माझ्याच सर्व्हरकडे जायचं तर आधी त्यांच्या देवपूजेची वेळ बघावी लागते.

पण आनंदाची बातमी! लॉगमध्ये (कोण कुठून आलं त्याची नोंद) पाहुणे दिसायला लागलेत. ब्राझील, रुमानिया, कुठून कुठून. अण्णांच्या साड्यांची कीर्ती पसरली म्हणून म्हैसूरपाक आणला. विनयने एक तुकडा तोंडात टाकला, यादी बघितली, म्हणाला, "अगं, हे साड्या बघायला आलेले नाहीत. हे कड्या हलवून बघतायत."

म्हणजे आजवर साइटवर आलेले लोक: चोर, आणि आई (पुण्याहून, सायबर कॅफेत बसून).

११ ऑक्टो.

सकाळी अण्णांचा फोन. "ताई, ती कवटी कशाला लावली? नवरात्रात बरं दिसत नाही."

धावत गॅरेजकडे. कमलक्का पूजेत. तेवढा वेळ दारात उभी. आत जाऊन बघते तो देवीचं नाव गायब, साड्या गायब, काळं पान, कवटी, आणि खाली कुणा पोराटोराची बढाई, आगीच्या अक्षरांत. काय चुकलं ते कळायला वेळ लागला नाही. पानावर वर जे ठसठशीत लिहिलंय तेच आत शिरायचं नाव, तोच पासवर्ड. आम्ही दाराला किल्ली लावून वर तोरण बांधलं होतं.

अण्णांना पुन्हा फोन केला. आता जातं गिऱ्हाईक, हीच धास्ती. सगळं कबूल केलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग: "ती अक्षरं मात्र छान हलत होती. तशी आपल्या पैठणीला लावता येतील काय?"

१२ ऑक्टो.

सगळं पुसून सीडीवरून नव्याने चढवलं. नको ती सगळी दारं बंद. उत्साहात मी घरात बसून जिथून आत शिरायचे ते दारही. आता काहीही करायचं तर गॅरेजमध्ये स्टुलावर बसून. विनय खूप हसला. दोन तास बोलले नाही त्याच्याशी.

पण खरी पंचाईत अण्णांची. पासवर्ड बदलायला तयार नाहीत. "नवरात्रात देवीचं नाव पुसू? माझ्या हातून? अय्यो! त्यापेक्षा ती वेबसाइटच नको."

म्हणजे संपलंच. रडू आलं. रडले.

१३ ऑक्टो.

सुचलं! चिकपेटेत गेले, गाद्यांवर बसले, विचारलं, "अण्णा, तुम्ही गुरुमंत्र घेतलाय?"

"घेतलाय की."

"तो दुकानाच्या पाटीवर लिहिलात का?"

कानाला हात लावले त्यांनी. "कानात सांगतात तो. बायकोला पण सांगायचा नसतो."

"मग पासवर्ड तसाच."

मग "सरी" म्हणाले. देवीचं नाव पानावर राहील. मंत्र ते स्वतः ठरवतील.

१५ ऑक्टो.

मंत्र जरा जास्तच लागू पडला. दुकानात संगणकाचं सगळं त्यांचा जावई बघतो, त्यालाही सांगत नाहीत. साइटवर दसऱ्याचा माल चढवायला स्वतः रिक्षाने आले. स्नान करून. मला आणि कमलक्कांना बाहेर काढलं, ग्रिलला आतून पाठ लावून बसले, एका बोटाने टाइप करत. रिक्षावाला बाहेर ओरडतोय, "स्वल्प बेगा, सार!" (जरा लवकर, साहेब!) यांचं चालूच.

मी या यंत्राची मालकीण, मला त्यांच्या पासवर्डशिवायही सगळं करता येतं, हे सांगितलं नाही. सांगणारही नाही.

जाताना म्हणाले, सिंगापूरचा मोठा व्यापारी नवमीला साड्या बघणार आहे. त्याला पटलं तर वेबसाइट कायम. नाही तर बघू.

१८ ऑक्टो., नवमी

आज आयुधपूजा. सगळं बेंगळुरू बसला, रिक्षाला, लेथला केळीचे खांब बांधून बसलंय. कमलक्कांनी पहाटेच सर्व्हरला हळदकुंकू, झेंडू, वर लिंबू. इथवर ठीक. मी अंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी प्लग काढला. यूपीएस किंचाळायला लागला, तर त्याचंही बटण बंद.

"आज आयुधांना विश्रांती. राबवायचं नाही."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मोठ्या आहेत त्या. सिंगापूरचा माणूस आजच बघणार! हात जोडले. किल्ल्या देईनात. एवढ्यात गेटात रिक्षा. अण्णा. पेढ्यांचा पुडा घेऊन. मला वाटलं, झालं, आता हिशेब मिटवायला.

"बंद आहे?"

"हो अण्णा."

"बरोबर आहे. माझं दुकान बंद, कातरी बंद, आणि हेच उघडं ठेवून कसं चालेल? तो सिंगापूरवाला बघेल की उद्या. नवमीला उघडं दुकान असतं तर मलाच बरं वाटलं नसतं."

दीड महिना हे यंत्र क्षणभर बंद पडू नये म्हणून जिवाचं रान केलं. गिऱ्हाईक खूश झालं ते बंद बघून! आणि खरं सांगायचं तर आज कुठल्याच चोराला आत शिरता येणार नव्हतं, याने मलाही हलकं वाटलं.

अण्णांनी रिक्षातून कोहळा आणला, दृष्ट काढून फोडला, तुकडे गेटापर्यंत उडाले. मग धोतराला हात पुसत म्हणाले, "पुढच्या वर्षीचा कोहळा पण माझ्याकडून हं, ताई."

मी म्हणाले, "सरी, अण्णा."

विनय पेढा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. अण्णा गेल्यावर विचारलं, "पुढच्या वर्षी?"

तोंडातून गेलं खरं. सिंगापूरवाला बघेल की नाही देव जाणे. परवा साहेबांचा फोन येईल. विनय म्हणतो, तो उचलेल. मी म्हटलं, नको, मीच उचलेन आणि येत नाही म्हणून सांगेन.