भोपळ्याचं मोकळं भांडं

रविवार. सकाळी दौंडहून एसटीनं तळेगावला आले. घर उघडलं, झाडून घेतलं, ओटा पुसला. दुपारी शेजारच्या काकू पातेलंभर हुलग्याचं माडगं घेऊन आल्या. "लय वाळलीस गं. तिकडं खायाला देत व्हते का न्हाई?" म्हणाल्या. देत होते, म्हटलं. त्या पातेलं ठेवून गेल्या आणि मी कागद घेऊन बसले.

आई, दौंडच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर मी आफ्रिकेत गेले होते, नर्स म्हणून, बिनपगारी. रस्ता संपल्यावर आणखी बरंच चाललं की आमचा दवाखाना यायचा. पत्र्याची शेड, खाली चटया आणि त्यांवर उपासमारीनं सुकलेली पोरं. त्यातल्या एकाला मी चमच्यानं दूध पाजायचे. त्याची आजी शेजारी बसून असायची. पोरगं डोळे उघडून बघायला लागलं त्या दिवशी ती वाळवलेल्या अर्ध्या भोपळ्याच्या भांड्यात माझ्यासाठी काहीतरी घेऊन आली. तोंडाला लावलं तर ज्वारीची आंबील. तू करायचीस तशीच, जरा जास्त आंबट.

भांडं धुताना तू आठवलीस. मी चौथीत असेन. काकूंच्या सासूबाईंची कासंडी मी तशीच परत द्यायला निघाले होते. तू उंबऱ्यातूनच ओरडलीस, "आगं ये, मोकळं भांडं घेऊन कुठं निघालीस? त्यांनी भरून दिलं नव्हतं व्हय? काय न्हाई तर गुळाचा खडा टाक त्यात." तेव्हापासून कुणाचं भांडं मी मोकळं दिलं नाही. त्या पोराच्या आजीच्या भांड्यातही माझ्या वाटणीची साखर घातली. तिनं भांड्यात पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ते घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी भांडं काठोकाठ भरून आलं. मी साखर वाढवली. असं बरेच दिवस चाललं, आणि मला आपलं छान वाटत होतं.

शेवटी आमच्या दुभाष्यानं, तिथल्याच एका शाळामास्तरानं, मला बाजूला घेतलं. "सिस्टर, म्हातारीचा जीव घेता का? आमच्यात भांडं मोकळं परत आलं नाही की पाहुण्याचं पोट भरलं नाही असं धरतात. घरी तिची आणखी दोन नातवंडं आहेत. त्यांची ज्वारी तुम्ही पिताय."

त्या संध्याकाळी मी आंबील पिऊन भांडं धुतलं, कोरडं केलं आणि तिच्यापुढं धरलं. मोकळं द्यायची लाज वाटत होती. तिनं भांडं उलटं करून झटकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मला जवळ ओढून माझ्या पोटावर थोपटलं, मी लहान असताना जेवण झाल्यावर तू थोपटायचीस तसं. पुढच्या आठवड्यात पोरगं तिच्या पाठीवर बसून घरी गेलं.

तू गेल्यावर आता हे तुला कसं पोचणार. पण एक सांगायचं राहिलं. मोकळं भांडं देताना माझ्या डाव्या मुठीत चिमूटभर साखर होती. आजीचं लक्ष नाही बघून ती मी पोराच्या जिभेवर ठेवली.

काकूंचं पातेलं घासून झालंय. गुळाचा डबा तू ठेवायचीस त्याच फळीवर आहे. ढेप दगडासारखी झाली आहे, फोडायला बत्ता शोधते.